नाड्याच्या मशीनवरचा गुडघा

आमच्या सरांना दिसेल ते ओढून बघायची सवय होती. विद्यार्थ्याच्या दप्तराचा पट्टा, शिपायाच्या गळ्यातली ओळखपत्राची फीत, पडद्याची दोरी, काहीही. दोन्ही हातांच्या चिमटीत धरायचं, हळूहळू ताण द्यायचा आणि डोळे बारीक करून विचारायचं, "किती घेईल?" हा प्रश्न कोणाला असायचा ते त्यांनाच ठाऊक. एका सहकाऱ्याच्या लग्नात त्यांनी नवरदेवाचं अभिनंदन करता करता त्याच्या मुंडावळ्या अशाच ओढून पाहिल्या. त्या फारसा ताण घेणाऱ्या नव्हत्या. नवरदेवाच्या मावशीने खाली बसून मणी वेचता वेचता सरांकडे जे पाहिलं, त्यानंतर दुसरा कोणी पंगतीला थांबला नसता. सर थांबले, आणि जिलेबी मागून घेऊन जेवले.

सर आमच्या जीवतंत्रज्ञान विभागाचे प्रमुख होते. कॉलेज विजापूर रस्त्याला, गावाबाहेर. मी पुण्याहून पेशी वाढवायचं काम शिकून आले होते आणि माहेर सोलापूरचं म्हणून इथेच नोकरी धरली. मुलाखतीत सरांनी मला एकच प्रश्न विचारला होता: गुडघा दुखतो का? नाही म्हटल्यावर ते जरा हिरमुसले होते. त्याच वेळी मी उठून घरी जायला हवं होतं.

विषय खोटा नव्हता, हे आधीच सांगते, नाहीतर लोक विषयालाच हसतात. गुडघ्याच्या आत मांडीचं हाड आणि नडगी यांना बांधून ठेवणारी एक दोरी असते. तिला लिगामेंट म्हणतात. खेळताना पाय जमिनीत रोवलेला असतो, अंग वळतं, आणि ती तुटते. तुटली की आपली आपण जुळत नाही. मग डॉक्टर मांडीच्या मागच्या स्नायूची एक चिवट शीर काढून तिथे ओवतात. हा रुळलेला, चांगला उपाय आहे. पण एका ठिकाणचं काढून दुसरीकडे घालायचं, त्यापेक्षा नवी दोरीच का तयार करू नये, असं जगभरातल्या शहाण्या माणसांना वाटतं आणि ती माणसं त्यासाठी राबतात. रेशमाची वेणी करायची, तिच्यावर माणसाच्या पेशी सोडायच्या, त्यांना रोज थोडा थोडा ताण द्यायचा. वेल मांडवावर चढावा तशा पेशी त्या वेणीवर चढतात. पुढे रेशीम विरघळतं आणि खरी दोरी मागे उरते. निदान उरावी अशी अपेक्षा असते. हे काम करायला आयुष्यं जातात.

सरांना मात्र एवढा वेळ नव्हता. "शरीर म्हणजे कापड," असं ते म्हणत. "सोलापूरनं जगाला चादर दिली, आता गुडघा देणार." हे वाक्य त्यांनी वर्गात म्हटलं, स्नेहसंमेलनात म्हटलं, आणि रसायनशास्त्राच्या एका निवृत्त प्राध्यापकांच्या शोकसभेतही म्हटलं. तिथे तर टाळ्याही पडल्या.

पेशी वाढवण्याची खोली म्हणजे देवघरापेक्षा सोवळी जागा. हात धुवायचे, अंगावर स्वच्छ झगा घालायचा, तोंडाला फडकं बांधायचं, बोलणंही कमीच करायचं. सर त्या खोलीत डबा खात. एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे पंख्यातून भट्टीचा वारा येतो आणि विभागात एसी तेवढ्या एका खोलीत होता. तेव्हा तिथे मांडी ठोकून कडक भाकरी मोडायची, शेंगाचटणीवर दही घ्यायचं, आणि त्याच हाताने पेशींच्या उबदार कपाटाचं दार उघडून पाहुण्यांना आत डोकावायला लावायचं. मी एकदा दारावर "आत खाऊ नये" अशी पाटी लावली. सरांनी ती वाचली, छान अक्षर आहे म्हणाले, आणि पाटीखाली बसून जेवले.

पेशींना ताण देणारं यंत्र त्यांनी स्वतः बनवलं होतं. एका भंगारातल्या जीपच्या वायपरची मोटर, दोन चिमटे आणि काचेचं भांडं. ते दिवसभर कुरकुरत इकडून तिकडे हलायचं. वीज गेली की बंद पडायचं, म्हणून सरांनी प्राचार्यांच्या केबिनमधला इन्व्हर्टर उचलून आणला. प्राचार्य घाम पुसत विचारायला आले तेव्हा सरांनी त्यांनाच यंत्रापुढे उभं केलं, आणि हे जिवंत आहे, याला उकडतं, असं सांगितलं. त्या दिवशी भांड्यात पेशी नव्हत्याच. नुसतं गुलाबी पाणी होतं आणि आत रेशमाचा एक तुकडा. मी तोंड उघडलं तेव्हा सर म्हणाले, मॅडम, सराव चालू आहे.

आता ती वेणी. बाहेरच्या मोठ्या प्रयोगशाळांत त्यासाठी खास यंत्रं असतात. सरांनी नाड्याचं मशीन शोधलं. शहराच्या पूर्व भागात, यंत्रमागांच्या खडखडाटात, एका गृहस्थांचा नाडे विणायचा कारखाना होता. घरी तेलुगू बोलणारा, धंद्यात मुरलेला माणूस. सरांनी त्यांच्यापुढे कागदावर गुडघा काढला, हाडं काढली, मधली दोरी लाल पेनाने रंगवली. ते शांतपणे बघत राहिले आणि मग त्यांनी विचारलं, पायजम्याचा की परकराचा? गुडघ्याचा, असं सरांनी छाती पुढे काढून सांगितलं. त्यांनी मान डोलावली. गिऱ्हाइकाशी वाद घालणारी ती माणसं नव्हेत.

रेशमावर मुळात एक चिकट लेप असतो. तो शरीराला सोसत नाही, म्हणून सूत उकळून तो काढावा लागतो. तेवढं मी नीट करून दिलं होतं. आठवड्याने वेणी आली ती करकरीत, ताठ, चकाकणारी. सरांनी ओढून पाहिली आणि खूश झाले. माझ्या बोटांना मात्र ती जरा जास्तच ताठ लागली. मी ती परत धुवून घेऊ म्हटलं, तर सर म्हणाले, इतकी सुंदर वस्तू धुवून तिचा जीव काढायचा का. जंतू मारायला वाफेच्या कुकरमधून काढली की झालं. आणि त्याच दुपारी आम्ही तिच्यावर पेशी सोडल्या. म्हणजे मी सोडल्या, आणि सरांनी शेजारी बसून भाकरी खाल्ली.

चार-सहा दिवसांत वेणीवर पांढरी लव दिसू लागली. सरांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते खरं पाणी होतं, त्याबद्दल मला शंका नाही. "धरल्या," ते म्हणाले. "पेशी धरल्या." मी सूक्ष्मदर्शकाखाली बघते म्हणेपर्यंत ते बाहेर पळाले होते. तासाभरात संस्थेचे अध्यक्ष आले, त्यांच्यामागून पेढे आले, आणि पेढ्यांमागून गावातल्या वर्तमानपत्राचा माणूस कॅमेरा घेऊन आला. तोवर मी बघून घेतलं होतं. ती बुरशी होती. शिळ्या भाकरीवर येते तीच, धाग्याधाग्यांची. वेणीच्या उरलेल्या तुकड्यावर मी आयोडीनचा थेंब टाकला, तो काळानिळा झाला. आठवीतल्या पोरालाही कळेल की तो स्टार्च होता. कारखानदारांनी त्यांच्या रिवाजाप्रमाणे वेणी खळ देऊन पाठवली होती. त्यांच्याकडून खळ न देता माल जात नाही; मऊ पडलेला माल देणं म्हणजे नाव घालवणं. त्यांना दोष कसा द्यायचा? त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं, आणि ज्यांनी सांगायचं ते गुडघ्याची चित्रं काढत बसले होते. गुडघ्याला कांजी पाजून वर दही-चटणीचा हात लावल्यावर बुरशी नाही येणार तर काय येणार?

मी सरांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आज राहू द्या. लोकांना काहीतरी दिसायला लागतं." दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. सरांच्या हातात भांडं, भांड्यात बुरशी, आणि वर मोठ्या अक्षरांत, सोलापुरात तयार झाला गुडघा.

इथपर्यंत मी हसत सांगू शकते. घरी पाहुणे आले की अजूनही मला हा किस्सा सांगायला लावतात. पुढचं मी सहसा सांगत नाही.

रूपाली आमच्याच कॉलेजात बी.एस्सी.ला होती. मंद्रूपहून एसटीने यायची. खो-खोच्या संघात होती आणि पोलीस भरतीची तयारी करत होती. अभ्यासात बेताची, पण पळायला लागली की मैदानावरची पोरं खेळ थांबवून बघत. त्या हिवाळ्यात एका सामन्यात खांबापाशी वळताना तिचा गुडघा फिरला. डॉक्टरांनी लिगामेंट तुटल्याचं सांगितलं, ऑपरेशन करून घे, नीट व्यायाम केलास तर पुन्हा पळशील म्हणाले. एवढं सरळ होतं. ती ऑपरेशनसाठी सुट्टी मागायला विभागात आली, बरोबर तिचे वडील होते. मेंढरं राखणारा उंच, अबोल माणूस. त्यांच्या खिशात त्या पेपराचं कात्रण घडी घालून ठेवलेलं होतं.

सरांना याहून मोठं बक्षीस काय मिळणार? त्यांनी बापलेकीला खुर्चीत बसवलं, चहा मागवला आणि मांडीची शीर कापून गुडघ्यात घालणं म्हणजे एक भोक बुजवायला दुसरं पाडणं, असं समजावलं. पोरीला पळायचंय आणि मांडीच कमजोर करून ठेवणार का, असं विचारलं. थांबा म्हणाले. आपलं होत आलंय.

मी रूपालीला व्हरांड्यात नेऊन स्पष्ट सांगितलं. पेपरात आहे ती बुरशी आहे, हे काम व्हायला अजून किती वर्षं लागतील ते कोणालाच माहीत नाही, तू डॉक्टरचं ऐक. तिला पटलं. तिच्या वडिलांनाही मी हेच सांगितलं. ते खाली बघत ऐकत होते. मग म्हणाले, "मॅडम, तुमी म्हंता ते खरं बी असंल. पर सर हेड हायत की." तेवढ्यात सर आतून आले आणि हसत म्हणाले, आमच्या मॅडम फार हुशार आहेत, त्यांना प्रत्येक गोष्टीत बुरशी दिसते. वडील कसनुसं हसले. मला तेव्हा जो राग आला तो आजही तसाच आहे.

मग सरांनी सांगितलं की आधी मेंढीवर करून बघावं लागतं, मेंढीचा गुडघा माणसाला जवळचा. हे खरंच आहे. पुढच्याच आठवड्यात रूपालीचे वडील टेम्पोत घालून आपली एक मेंढी घेऊन आले. कळपातली चांगली बघून आणली होती. प्राण्यावर प्रयोग करायचा तर परवानगी लागते, समिती लागते, जनावरांचा डॉक्टर लागतो. सरांनी यातलं काहीच केलं नाही, कारण त्यांच्या मते निसर्गाला परवानगी लागत नाही. मेंढी विभागामागे बांधून ठेवली. तिने वनस्पतिशास्त्राच्या बागेतली औषधी झाडं नावांच्या पाट्यांसकट खाल्ली. अधूनमधून सर बाहेर जाऊन तिचा मागचा पाय धरून ओढून बघायचे आणि ती त्यांना लाथ घालायची. त्या सगळ्या प्रकल्पात गुडघ्याबद्दल स्पष्ट मत असलेली ती एकटीच होती. पावसाळा तोंडावर आला तशी वडिलांनी मेंढी परत नेली. तक्रार केली नाही. सरांचं काम चाललंय, तिला उगाच हितं कशाला अडकवायची, एवढंच बोलले.

त्याआधी मार्चमध्ये कॉलेजच्या उतारावर सरांची स्कूटर घसरली आणि त्यांच्या पायावर आली. तपासणीत निघालं तेच, लिगामेंट तुटलेलं. दुसरा कोणी असता तर वरमला असता. सरांना तर आकाश ठेंगणं झालं. विभागात सगळ्यांना गोळा करून त्यांनी जाहीर केलं, पहिला रोगी मीच. माझ्या गुडघ्यात जाईल तर आपल्या हातची दोरी जाईल, नाहीतर काहीच जाणार नाही. तेव्हापासून ते गुडघ्याला काळा पट्टा बांधून हिंडू लागले, आणि तोही पँटवरून, म्हणजे कोणाच्या नजरेतून सुटायला नको. रूपालीचे वडील त्यांना भेटायला आले होते. जाताना दारात मला म्हणाले, "सर सोता थांबल्यात म्हटल्यावर आमी काय बोलायचं, मॅडम?"

मे महिन्यात सर एका परिसंवादाला बंगळूरला गेले. तिथे मोठमोठे लोक येणार आहेत, येताना काहीतरी घेऊनच येतो, असं सांगून गेले. जूनमध्ये परतले तेव्हा आधीपेक्षा जास्त लंगडत होते. पट्टा होताच. परिसंवादात काय झालं असं मी विचारलं, तर म्हणाले, जग आपल्याकडे डोळे लावून बसलंय.

रूपालीचा गुडघा मात्र थांबायला तयार नव्हता. दोरी नसलेला गुडघा मधेच निसटतो. एसटीतून उतरताना निसटला, घागर उचलताना निसटला, घरासमोरच्या ओट्यावर नुसतं वळताना निसटला. दर वेळी तो फुगायचा आणि दर वेळी आतली, दोन हाडांमधली कुर्च्याची गादी थोडी चिरडायची. मी तिला सांगत होते, ती वडिलांना सांगत होती, वडील सरांना विचारत होते, आणि सर म्हणत होते, आता फार दिवस नाहीत. भरतीची जाहिरात निघाली. तिच्या संघातल्या पोरी मैदानी चाचणीला गेल्या. ही पण गेली, कोणाला न सांगता, गुडघ्याला फडकं आवळून. पहिल्या वळणावर पडली. संघातल्या दोघी पोलिसात लागल्या. त्यांनी वर्दीतला फोटो पाठवला, तो तिने मला दाखवला आणि मोबाइल लगेच पालथा ठेवला.

शेवटी तिची आई उठली. ती बाई कॉलेजात कधी आली नाही, सरांना तिने कधी पाहिलं नाही, हेच बरं झालं. दिवाळी झाल्यावर ती पोरीला सोलापुरातल्या डॉक्टरकडे घेऊन गेली आणि साधं, नेहमीचं, मांडीची शीर काढून करतात ते ऑपरेशन करवून आणलं. दोरी बसली. पण गादी इतकी फाटली होती की बरीचशी काढूनच टाकावी लागली. डॉक्टर म्हणाले, चालशील, जिने चढशील, संसार करशील. पळायचं आता सोड.

जानेवारीत कॉलेजचं स्नेहसंमेलन होतं. त्यात प्राध्यापक विरुद्ध विद्यार्थी असा क्रिकेटचा सामना असतो, ज्यात प्राध्यापकांना जिंकू देतात. रूपाली त्या दिवशी परीक्षेच्या अर्जासाठी आली होती. काम झाल्यावर मैदानाच्या कडेला, मांडवाच्या सावलीत माझ्याजवळ येऊन बसली. हातात काठी होती. मी तिच्यापुढे दुसरी खुर्ची ओढली, पाय पसरता यावा म्हणून.

सर खेळायला उतरले. पट्टा नव्हता. बहुतेक उत्साहाच्या भरात ते आपण थांबलेलो आहोत हेच विसरले होते. त्यांनी एक चेंडू बऱ्यापैकी टोलवला आणि धावले. एक धाव घेतली, तिकडच्या टोकाला बॅट टेकवली, त्याच दुखऱ्या पायावर गर्रकन वळले आणि दुसऱ्या धावेला सुटले. पोरांनी शिट्ट्या वाजवल्या. मीही हसत होते. माझ्या काही ध्यानात आलं नव्हतं.

रूपाली म्हणाली, "मॅडम, सरांचं ऑपरेशन झालंय."

मी तिच्याकडे बघितलं.

"दोरी तुटल्यावर असं वळता येत न्हाय," ती म्हणाली. "म्या लई बघितलंय वळून."

ती उठली. मी हात पुढे केला, तो तिने घेतला नाही. काठी टेकत मैदानाच्या कडेकडेने पलीकडच्या मांडवापाशी गेली. मी तिच्यामागे गेले. सर बाद होऊन आले होते, घाम पुसत लिंबाचं सरबत पीत होते. तिला पाहून त्यांचा हात जाग्यावरच थांबला.

"सर, कवा केलं?" तिने विचारलं. आवाज चढवला नाही.

सरांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग इकडेतिकडे पाहिलं. आजूबाजूला दोन-तीन प्राध्यापक होते, ते सामना बघायला लागले.

"मेमध्ये," सर म्हणाले. "पुण्याला."

"साधंच?"

"साधंच." मग त्यांनी घाईघाईने जोडलं, की हे तात्पुरतं आहे, आपलं काम चालूच आहे, पुढे हेच काढून आपली दोरी बसवता येईल. रूपाली नुसती उभी राहिली, काठीवर दोन्ही हात ठेवून. सरांना ते सहन होईना. इतक्या वर्षांत मी त्यांना कधी खाली बघताना पाहिलं नव्हतं, तेव्हा पाहिलं. दया आली असं मी म्हणणार नाही.

"मी थांबणारच होतो गं," ते म्हणाले. "घरच्यांनी माझं ऐकलं नाही."

"आमच्या घरच्यांनी आयकलं, सर," रूपाली म्हणाली.